पाहणाऱ्याचा गुन्हा : ब्रायन डी पाल्मा, थरारपट आणि गँगस्टरपट

अमेरिकी चित्रपटसृष्टीत थरारपट आणि गँगस्टरपट ही दोन घराणी बराच काळ शेजारी नांदली, तरी त्यांचे स्वभाव वेगळे राहिले. थरारपटाचा सारा भर माहितीच्या वाटपावर असतो. कोणाला काय ठाऊक आहे, कोणाला ठाऊक नाही आणि प्रेक्षकाला ते केव्हा कळू द्यायचे, या हिशेबावर त्याची रचना उभी राहते. गँगस्टरपट चरित्राच्या अंगाने जातो. तळातून वर चढलेला माणूस, त्याची हाव, त्याची टोळी, त्याचे वैभव आणि अखेर गोळ्यांच्या वर्षावात होणारा त्याचा शेवट, हा आलेख १९३०च्या दशकातच ठरून गेला होता. ब्रायन डी पाल्मा या दिग्दर्शकाने पहिल्या घराण्यात घासूनपुसून तयार केलेली हत्यारे दुसऱ्यात नेऊन वापरली आणि त्यामुळे गँगस्टरपटाचा पोत बदलला. ‘स्कारफेस’ (१९८३), ‘द अनटचेबल्स’ (१९८७) आणि ‘कार्लिटोज वे’ (१९९३) या त्याच्या तीन चित्रपटांचे नवेपण कथानकात शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही, कारण तिन्ही कथा ओळखीच्या वळणाच्या आहेत. कॅमेरा कोठे उभा आहे, तो कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहे आणि पात्राला जे दिसत नाही ते प्रेक्षकाला का दाखवतो आहे, हे प्रश्न विचारले की मात्र या चित्रपटांची घडण उलगडू लागते.

डी पाल्माचा जन्म ११ सप्टेंबर १९४० रोजी न्यू जर्सी राज्यातील नेवार्क येथे झाला आणि तो वाढला फिलाडेल्फियात. वडील अस्थिशल्यविशारद होते. त्यांच्या शस्त्रक्रिया त्याने लहानपणी जवळून पाहिल्या होत्या, आणि पडद्यावरील रक्ताविषयीचा त्याचा निर्विकारपणा पुष्कळ अंशी तेथून आला असावा. वडिलांचे विवाहबाह्य संबंध उघडकीस आणण्यासाठी आपण किशोरवयात त्यांच्यावर पाळत ठेवली होती, हे त्याने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. कलावंताच्या प्रत्येक ओळीचे मूळ त्याच्या बालपणात शोधण्याची सवय घातक असते, परंतु चोरून पाहणे आणि चोरून ऐकणे हा ज्याच्या चित्रपटांचा कायमचा विषय झाला, त्याच्या बाबतीत ही नोंद टाळताही येत नाही. कोलंबिया विद्यापीठात तो पदार्थविज्ञान शिकण्यासाठी दाखल झाला आणि तेथे असतानाच चित्रपटांकडे वळला. या वळणामागे आल्फ्रेड हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) हा चित्रपट होता. यंत्रांची आणि मोजमापाची आवड मात्र सुटली नाही. त्याचे गाजलेले प्रसंग एखाद्या प्रयोगाच्या मांडणीसारखे नेटके असतात, आणि त्यात माणसांपेक्षा कोन, अंतर आणि वेळ यांचा विचार अधिक आहे ही तक्रारही त्याच कारणाने होत आली आहे.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये त्याने ‘ग्रीटिंग्ज’ (१९६८) आणि ‘हाय, मॉम!’ (१९७०) हे अल्प खर्चाचे, व्हिएतनाम युद्धाच्या काळातील तरुणांवरचे उपरोधिक चित्रपट केले, ज्यांत रॉबर्ट डी नीरो हा तेव्हा अनोळखी असलेला नट प्रमुख भूमिकांत होता. ‘ग्रीटिंग्ज’ला १९६९च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. मार्टिन स्कॉर्सेसी, जॉर्ज लुकस आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्यासह जी तरुण दिग्दर्शकांची पिढी त्यानंतर हॉलीवूडमध्ये पुढे आली, तिच्यात डी पाल्मा वयाने थोडा वडील होता. डी नीरोची स्कॉर्सेसीशी ओळख त्यानेच करून दिली. अमेरिकी गँगस्टरपटाला त्याने दिलेली ही पहिली देणगी म्हणता येईल आणि ती त्याच्या स्वतःच्या कोणत्याही चित्रपटाइतकीच मोलाची ठरली.

हिचकॉककडून डी पाल्माने नेमके काय घेतले, हे समजण्यासाठी उत्कंठा आणि धक्का यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो याच्याशी झालेल्या प्रदीर्घ संभाषणात हिचकॉकने हा भेद समजावून सांगितला आहे. माणसे टेबलाशी बसून गप्पा मारत असताना खालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. मात्र टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला अगोदर ठाऊक असेल आणि त्या माणसांना नसेल, तर त्याच निरर्थक गप्पांचा प्रत्येक क्षण असह्य होतो. उत्कंठेचा उगम अशा रीतीने ज्ञानातील तफावतीत आहे. डी पाल्माने ही तफावत चित्रचौकटीतच उघडपणे मांडण्याचे मार्ग शोधले आणि त्यांतील दोन त्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

पहिला मार्ग दुभंग पडद्याचा. पडद्याचे दोन भाग करून एकाच वेळी दोन ठिकाणची दृश्ये शेजारी दाखवण्याचे हे तंत्र त्याने शोधून काढलेले नाही, परंतु ‘सिस्टर्स’ (१९७३) या चित्रपटात त्याने त्याचा जो उपयोग केला तो उत्कंठेच्या शास्त्रात भर घालणारा आहे. समोरच्या इमारतीत झालेला खून खिडकीतून पाहिलेली एक पत्रकार तरुणी पोलिसांना घेऊन वर येते आहे, हे पडद्याच्या एका भागात दिसते, तर दुसऱ्या भागात खुनाच्या जागी रक्त पुसून प्रेत सोफ्यात लपवण्याची घाई चाललेली दिसते. सामान्य संकलनात या दोन घटना आलटून पालटून दाखवल्या गेल्या असत्या आणि वेळ किती गेला याविषयी प्रेक्षकाची थोडी फसवणूक करता आली असती. येथे वेळ खराखुरा धावतो आणि नजर कोठे ठेवायची हे प्रेक्षकाला स्वतः ठरवावे लागते. या चित्रपटाचे संगीत हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ आणि ‘सायको’चा संगीतकार बर्नार्ड हेरमन यानेच दिले, यावरून ऋण लपवण्याची डी पाल्माला किती कमी फिकीर होती हे कळते. तीन वर्षांनी आलेल्या ‘कॅरी’मध्ये त्याने नृत्यसमारंभातील संहाराच्या वेळी हेच तंत्र वापरले, पण धावपळीच्या दृश्यात ते तितके उपकारक ठरत नाही, हे त्यालाही पुढे मान्य झाले.

दुसरा मार्ग भिंगाचा. कॅमेऱ्याच्या मुख्य भिंगासमोर अर्ध्या भागावरच एक जादा भिंग बसवले, की चौकटीच्या एका बाजूला अगदी जवळची वस्तू आणि दुसऱ्या बाजूला दूरची वस्तू अशा दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात, आणि मध्ये धूसर पट्टी राहते. स्प्लिट डायॉप्टर या नावाने ओळखले जाणारे हे भिंग इतर दिग्दर्शक ती पट्टी एखाद्या भिंतीच्या कडेत किंवा सावलीत दडवून वापरत असत. डी पाल्माने ती दडवण्याची फारशी पर्वा केली नाही. मानवी डोळा असे कधीच पाहू शकत नाही, त्यामुळे पाहणारा कोणी माणूस नसून एक यंत्र आहे, जवळचे आणि दूरचे एकसारख्या अलिप्तपणे टिपणारे, अशी अस्वस्थ जाणीव या चौकटींतून होते.

या दोन्ही मार्गांची आणि त्यांमागच्या विचाराची परिणती ‘ब्लो आउट’मध्ये (१९८१) झाली. डी पाल्माच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम चित्रपट म्हणून याच एका चित्रपटाचे नाव घ्यावे लागेल, जरी प्रदर्शनाच्या वेळी प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली होती. फिलाडेल्फियात सवंग भयपटांसाठी ध्वनी गोळा करणारा जॅक टेरी एका रात्री पुलावर उभा राहून वाऱ्याचा, बेडकांचा, घुबडाचा आवाज टिपत असताना एक मोटार ओढ्यात कोसळते. तो आतल्या तरुणीला वाचवतो. तिच्यासोबत असलेला राजकीय पुढारी, जो राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत होता, मरण पावतो. टायर फुटण्याच्या आधी गोळी झाडल्याचा आवाज आपल्या फितीवर आहे, असे जॅकच्या लक्षात येते, आणि एका नियतकालिकात छापलेली अपघाताची क्रमवार छायाचित्रे कापून, त्यांची चलत्‌पट्टी करून, तिला तो आपला ध्वनी जोडतो. चित्र आणि आवाज यांचा मेळ घालून चित्रपट कसा बनतो याचे इतके सुबोध प्रात्यक्षिक दुसऱ्या कोणत्याही थरारपटात क्वचितच मिळेल.

या कथेमागे दोन चित्रपट उभे आहेत. मिकेलांजेलो आन्तोनिओनीच्या ‘ब्लो-अप’मध्ये (१९६६) लंडनचा एक छायाचित्रकार आपल्याच छायाचित्रात खून शोधतो, आणि फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’मध्ये (१९७४) चोरून संभाषण टिपणारा तज्ज्ञ ऐकलेल्या एका वाक्याने झपाटला जातो. त्यांच्याही मागे अमेरिकेचा त्या दोन दशकांतील सार्वजनिक अनुभव आहे. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर झालेल्या हल्ल्याची एका नागरिकाने घेतलेली आठ मिलिमीटरची चित्रफीत वर्षानुवर्षे चौकटीगणिक तपासली गेली, १९६९मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांची मोटार चापाक्विडिक येथे पाण्यात पडून सोबतची तरुणी मरण पावली, आणि वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतील ध्वनिफिती निर्णायक ठरल्या. पुरावा हाती असतो, तरी सत्य सिद्ध होत नाही, ही त्या पिढीची निराशा ‘ब्लो आउट’ने थरारपटाच्या साच्यात ओतली. जॅक आपल्या खोलीत परततो आणि त्याच्या सगळ्या फिती पुसल्या गेल्याचे त्याला कळते, त्या प्रसंगी कॅमेरा खोलीच्या मध्यावरून गोल गोल फिरत राहतो. जॅक चौकटीत येतो, जातो, पुन्हा येतो, आणि यंत्रांच्या रिकाम्या फिरकीशिवाय काहीच शिल्लक नसल्याचे त्या फिरण्यातूनच प्रेक्षकाला उमगते.

चित्रपटाची सुरुवात एका बनावट भयपटातील दृश्याने होते, ज्यात खुनी माणसाच्या नजरेतून कॅमेरा मुलींच्या वसतिगृहात हिंडतो. हा भाग गॅरेट ब्राउन याने चित्रित केला. चालणाऱ्या माणसाच्या अंगावर कॅमेरा बांधूनही चित्र हलू नये अशी रचना असलेल्या स्टेडीकॅम या साधनाचा तोच जनक होता. दृश्य संपते ते एका नटीच्या केविलवाण्या किंकाळीने, आणि जॅकला अधिक खरी किंकाळी शोधून आणण्याचे काम मिळते. ती त्याला अखेर कोठे मिळते, हे सांगितल्याने चित्रपटाची गोडी कमी होत नाही: आपण वाचवू न शकलेल्या तरुणीची मरतानाची किंकाळी त्याच्या फितीवर उतरलेली असते आणि तीच तो त्या सवंग चित्रपटाला जोडतो. विल्मोस झिग्मंडच्या छायाचित्रणातील लाल-निळ्या रंगांनी भारलेला, संचलनाचा आणि आतषबाजीचा शेवट चित्रित झाल्यावर त्यातील काही रिळे चोरीला गेली आणि तो भाग पुन्हा चित्रित करावा लागला, तेव्हा झिग्मंड दुसऱ्या कामात असल्याने लास्लो कोव्हाक्सने कॅमेरा सांभाळला.

गँगस्टरपटाकडे डी पाल्मा वळला तो ‘ब्लो आउट’च्या अपयशानंतर. १९३१ ते १९३२ या काळात ‘लिटल सीझर’, ‘द पब्लिक एनिमी’ आणि हॉवर्ड हॉक्सचा ‘स्कारफेस’ या तीन चित्रपटांनी या प्रकाराची मुळे रोवली होती. त्यांतील गुन्हेगार इतके आकर्षक ठरले की १९३४पासून हॉलीवूडने स्वतःवरच काटेकोर आचारसंहिता लादून घेतली, जिच्यानुसार गुन्ह्याला शिक्षा झालेली दाखवणे आणि गुन्हेगाराविषयी सहानुभूती टाळणे बंधनकारक होते; ती १९६८ साली रद्द होऊन तिच्या जागी वयोगटानुसार वर्गवारीची पद्धत आली. त्यानंतर ‘द गॉडफादर’ने (१९७२) टोळीला कुटुंबाचे गांभीर्य दिले, अंधाऱ्या खोल्या आणि जुन्या लाकडाचा तपकिरी रंग दिला. १९८३चा ‘स्कारफेस’ याच्या अगदी उलट टोकाला जातो. येथे सारे काही झगझगीत, भडक, गुलाबी, निऑनच्या प्रकाशात न्हालेले आहे, आणि जॉर्जियो मोरोडरचे इलेक्ट्रॉनिक संगीत त्या भडकपणात भर घालते.

हॉक्सच्या चित्रपटातील शिकागोचा दारू-तस्कर येथे मायामीतील कोकेन-तस्कर झाला. ही कल्पना आधी या प्रकल्पाशी जोडलेला दिग्दर्शक सिडनी ल्युमेट याची होती. १९८० साली क्युबाने मारिएल बंदरातून देश सोडण्याची मुभा दिली तेव्हा काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख क्युबन अमेरिकेत आले, आणि त्यांत फिडेल कास्त्रोच्या सरकारने काही गुन्हेगारही घुसवले होते, हा त्या कथेचा आरंभबिंदू. ऑलिव्हर स्टोनने पटकथा लिहिली, अल पचिनोने टोनी मोंटाना साकारला. आपल्या समाजाची बदनामी होईल या भीतीने मायामीतील क्युबन लोकांनी विरोध केल्यामुळे बहुतांश चित्रण लॉस एंजेलिसला हलवावे लागले. वर्गवारी मंडळाने हिंसेसाठी चित्रपटाला वारंवार ‘एक्स’ हा दर्जा दिला, जो मिळाल्यास अनेक चित्रपटगृहे चित्रपट लावत नसत आणि वृत्तपत्रे जाहिरात घेत नसत. अपील करून अखेर सौम्य दर्जा मिळवण्यात आला.

ज्या प्रसंगामुळे ही हिंसा कुप्रसिद्ध झाली तो नीट पाहिल्यास प्रेक्षकाला वाटते त्यापेक्षा खूपच कमी दाखवतो. एका स्वस्त हॉटेलच्या न्हाणीघरात टोनीच्या साथीदारावर यांत्रिक करवत चालवली जाणार, हे कळते आणि त्याच वेळी कॅमेरा खिडकीतून बाहेर पडतो, उन्हाने तळपणाऱ्या रस्त्यावर उतरतो, मोटारीत थांबलेला दुसरा साथीदार एका तरुणीशी थट्टामस्करी करत आहे हे दाखवतो आणि पुन्हा वर, त्याच खिडकीकडे जातो. रस्त्यावरच्या माणसाला काहीच ठाऊक नाही, प्रेक्षकाला सारे ठाऊक आहे. टेबलाखालच्या बॉम्बचाच हा गँगस्टरपटातील अवतार. प्रत्यक्ष करवतीचे काम आवाजावर आणि चेहऱ्यांवर सोपवले आहे. न्हाणीघर, पडदा आणि रक्त यांची सांगड पाहून ‘सायको’ आठवल्याशिवाय राहत नाही, आणि ते आठवावे अशीच योजना आहे.

याहून मार्मिक आहे तो शेवट. सर्वत्र सुरक्षा-कॅमेरे बसवलेल्या आपल्या हवेलीत टोनी कोकेनच्या ढिगापुढे बसलेला असतो. त्याच्या मागे ओळीने मांडलेल्या पडद्यांवर मारेकरी कुंपण ओलांडून आत येताना स्पष्ट दिसत असतात, पण त्याचे तिकडे लक्ष नसते. गँगस्टरची सत्ता पैशात आणि बंदुकीत मोजली जात होती. डी पाल्माने ती पाहण्याच्या क्षमतेत मोजली आणि टोनीचा अधःपात त्याच्या आंधळेपणात दाखवला. ज्या वाक्यासाठी हा प्रसंग जगभर नकलला गेला, त्याच्या गदारोळात ही गोष्ट सहसा निसटते. सबंध चित्रपटाची कृतज्ञतापूर्वक अर्पणपत्रिका हॉवर्ड हॉक्स आणि मूळ पटकथाकार बेन हेक्ट यांच्या नावे आहे, आणि जग तुझेच आहे असे सांगणारी झगमगती जाहिरातही मूळ चित्रपटातूनच येते; हॉक्सच्या वेळी ती एका प्रवासकंपनीची होती, येथे ती आकाशातील एका हवाईजहाजावर झळकते.

समीक्षकांनी त्या वेळी चित्रपटाला झोडपले आणि डी पाल्माचे नाव वर्षातील सर्वांत वाईट दिग्दर्शकांच्या उपहासात्मक यादीत लागले. पुढच्या दहा वर्षांत व्हिडिओ कॅसेटवरून हा चित्रपट अमेरिकी शहरांतील कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांपर्यंत पोहोचला आणि हिप-हॉप संगीतात टोनी मोंटानाला जवळपास दैवताचे स्थान मिळाले. ह्यूस्टनच्या एका नामवंत रॅपरने तर आपले नावच स्कारफेस ठेवले. चित्रपटाचा अर्थ इतका उलटा लावला जावा यात प्रेक्षकांची चूक कितपत आणि दिग्दर्शकाच्या झगमगाटाच्या हौसेची कितपत, हा वाद मिटलेला नाही, आणि ज्याने टोनीचे वैभव इतक्या असोशीने चित्रित केले त्याला या गैरसमजातून पूर्णपणे मोकळे सोडता येणार नाही. दूरचित्रवाणीवर व्हिन्स गिलिगनने ‘ब्रेकिंग बॅड’ (२००८–२०१३) या मालिकेची कल्पना मांडताना सालस शिक्षकाचा स्कारफेस होतो अशा शब्दांत तिचे वर्णन केले होते.

मराठी वाचकाला या प्रभावाची ओळख बहुधा एका हिंदी चित्रपटातून आधीच झालेली असते. मुकुल आनंद दिग्दर्शित ‘अग्निपथ’मधील (१९९०) विजय दीनानाथ चौहान या मांडव्याच्या मास्तरपुत्राच्या व्यक्तिरेखेवर टोनी मोंटानाची छाप असल्याचे समीक्षक सांगत आले आहेत, आणि अमिताभ बच्चन यांनी धारण केलेला दाटलेला, घोगरा आवाज हा त्या भूमिकेचा सर्वांत वादग्रस्त भाग ठरला, प्रेक्षकांना तो रुचला नाही, तरी त्याच भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उसनवारीत काय गळाले हे पाहणे उद्बोधक आहे. टोनीला परतण्यासारखे गाव नाही, सूड उगवण्यासारखे कारण नाही. त्याला केवळ अधिक हवे आहे. विजय चौहानला मात्र वडिलांच्या अपमानाचे, आईच्या नापसंतीचे आणि हरवलेल्या गावाचे ओझे दिले आहे, कारण निव्वळ हावेवर उभा असलेला नायक हिंदी चित्रपटाला पेलवला नसता.

‘द अनटचेबल्स’ हा डी पाल्माचा सर्वांत सरळ, लोकप्रिय चित्रपट. दारूबंदीच्या काळातील शिकागो, अल कपोन आणि त्याच्या मागे लागलेला दारूबंदी खात्याचा अधिकारी एलियट नेस ही कथा डेव्हिड मॅमेटने लिहिली, संगीत एन्यो मोरिकोनेचे होते आणि वयस्क पोलिसाच्या भूमिकेसाठी शॉन कॉनरी याला ऑस्कर मिळाले. थरारपटाचे व्याकरण येथे दोन ठिकाणी ठळकपणे येते. त्या वयस्क पोलिसाच्या घराबाहेरून कॅमेरा खिडकीखिडकीतून आत डोकावत सरकत जातो आणि मग घरात शिरतो, तेव्हा प्रेक्षक मारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहत असतो. ही पद्धत भयपटांची होती, तीच ‘ब्लो आउट’च्या आरंभी थट्टेने वापरलेली. दुसरे ठिकाण शिकागोच्या युनियन स्टेशनवरील जिन्याचे. कपोनच्या हिशेबनिसाची वाट पाहणारा नेस एका बाईला बाबागाडी वर ओढून न्यायला मदत करतो आणि नेमका तेव्हाच गोळीबार सुरू होऊन गाडी पायऱ्यांवरून घसरू लागते. सर्गेई आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मधील (१९२५) ओडेसाच्या पायऱ्यांचा हा उघड पुनरुच्चार आहे. आगगाडीवर घडणारा, आधी योजलेला प्रसंग खर्चामुळे सोडून द्यावा लागला, तेव्हा हा जिन्याचा प्रसंग सुचला. आयझेनस्टाइनच्या दृश्यात सैन्य जनतेला चिरडते आणि बाबागाडीचे घसरणे राजवटीच्या क्रौर्याचे चिन्ह होते. डी पाल्माने राजकीय अर्थ काढून टाकला आणि गतीचे यंत्र तेवढे ठेवले. नजरेत भरणारी कारागिरी आणि पोकळ आशय, असे या प्रसंगाचे दोन्ही बाजूंनी वर्णन करता येते, आणि दोन्ही वर्णने खरी आहेत.

‘कार्लिटोज वे’ला मात्र पोकळ म्हणता येत नाही. न्यूयॉर्कचे न्यायाधीश एडविन टॉरेस यांच्या दोन कादंबऱ्यांवर तो आधारलेला आहे. नाव पहिलीचे आणि कथा मुख्यतः दुसरीची. तुरुंगातून सुटलेला पोर्तो रिकन कार्लिटो ब्रिगांटे गुन्हेगारी सोडण्याचा निर्धार करतो, पण त्याचा वकील, जुने ऋण आणि नव्या पोरांची मग्रुरी त्याला सोडत नाहीत. गँगस्टरपटाचा नायक मरणार हे प्रेक्षकाला पूर्वीपासूनच ठाऊक असते. डी पाल्मा ते पहिल्याच दृश्यात, स्ट्रेचरवर पडलेल्या कार्लिटोच्या काळ्या-पांढऱ्या चित्रातून सांगून टाकतो. असे केल्याने शेवटचा पाठलाग निरर्थक व्हायला हवा होता. भुयारी रेल्वेपासून ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या सरकत्या जिन्यांपर्यंत चालणारा तो दीर्घ पाठलाग प्रत्यक्षात इतका ताणून धरतो की तो मरणार हे प्रेक्षक विसरतो, वा विसरू पाहतो. बॉम्ब टेबलाखाली आहे, केव्हा फुटणार हेही ठाऊक आहे, तरी तो फुटू नये असे वाटत राहणे ही उत्कंठेची सर्वांत अवघड पायरी. अमेरिकेत हा चित्रपट माफक चालला. फ्रान्सच्या ‘काहिये द्यु सिनेमा’ या नियतकालिकाने त्याला त्या दशकातील सर्वश्रेष्ठ चित्रपटांत गणले.

डी पाल्मावरील आक्षेपांकडे दुर्लक्ष करणे अप्रामाणिकपणाचे होईल. नकलाकार हा आरोप त्यातला दुबळा म्हणावा लागेल, कारण हिचकॉककडून त्याने घेतलेले साहित्य तो सहसा प्रश्न विचारण्यासाठी वापरतो. स्त्रियांविषयीचा आरोप गंभीर आहे. ‘ड्रेस्ड टु किल’मधील (१९८०) संग्रहालयाचा, जवळजवळ संवादाविना चालणारा पाठलाग हा दृश्यभाषेचा धडा आहे, पण त्यानंतर त्या मध्यमवयीन स्त्रीला वस्तऱ्याने मारले जाते आणि खुनी म्हणून स्त्रीवेषातील मनोरुग्ण पुढे येतो, चित्रपटाविरुद्ध स्त्री-संघटनांनी निदर्शने केली आणि लिंगभाव बदलू पाहणाऱ्या व्यक्तींविषयीचे त्याचे अडाणी आकलन आज अधिकच बोचते. पॉलीन केल या प्रभावी समीक्षिकेने त्याची बाजू जोरकसपणे मांडली, तरीही पाहणाऱ्याला अपराधी ठरवणे आणि पाहण्याची चैन त्याला मनसोक्त करू देणे या दोन गोष्टी त्याच्या चित्रपटांत एकाच वेळी चालतात, हे खरेच.

त्याचे तंत्र पुढच्या पिढीने निरनिराळ्या अंगांनी उचलले. क्वेंटिन टॅरँटिनोने ‘ब्लो आउट’ची गणना आपल्या आवडत्या तीन चित्रपटांत केली, त्यातील नायक जॉन ट्रॅव्होल्टा याला ‘पल्प फिक्शन’मध्ये (१९९४) घेऊन त्याची मावळलेली कारकीर्द सावरली, ‘किल बिल’च्या पहिल्या भागात (२००३) परिचारिकेच्या वेषातील मारेकरीण रुग्णालयात शिरते तेव्हा पडदा दुभंगला आणि ‘डेथ प्रूफ’मध्ये (२००७) पिनो डोनाज्जोने ‘ब्लो आउट’साठी रचलेले संगीत वापरले. व्यापारीदृष्ट्या सर्वांत दूरवर गेलेला प्रभाव डी पाल्माच्याच ‘मिशन: इम्पॉसिबल’चा (१९९६) आहे, ज्याने जगभर ४५ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. लँगली येथील गुप्तचर मुख्यालयाच्या तिजोरीखोलीत दोरीने उतरणारा नायक आणि जमिनीवर पडू पाहणारा घामाचा थेंब हा प्रसंग ज्यूल्स डासँच्या ‘रिफीफी’ (१९५५) आणि ‘तोपकापी’ (१९६४) यांतील निःशब्द चोऱ्यांचा वारसा सांगतो. पुढच्या सगळ्या भागांत एक तरी असा दीर्घ, श्वास रोखून धरणारा प्रसंग असणे हा त्या मालिकेचा नियमच झाला. याच चित्रपटात एक पात्र घडलेल्या घटनांविषयी खोटे सांगत असताना नायक मनात खऱ्या घटना पाहतो, म्हणजे कानाला एक आणि डोळ्याला दुसरे मिळते. सुटीच्या हंगामातील मोठ्या चित्रपटात असा डाव खेळण्याची मुभा फार थोड्यांना मिळते, आणि त्या वेळच्या पुष्कळ प्रेक्षकांनी कथानक कळले नाही अशी तक्रार केली होती.

२०००नंतर डी पाल्मा बहुतांशी युरोपीय पैशावर चित्रपट करू लागला. २००७ साली व्हेनिस महोत्सवात सर्वोत्तम दिग्दर्शनाचा रौप्य सिंह मिळवणाऱ्या ‘रिडॅक्टेड’मध्ये त्याने थरारपटाचा कसलेला कॅमेरा बाजूला ठेवला आणि इराकमधील अमेरिकी सैनिकांनी केलेल्या बलात्कार-खुनाची कथा सैनिकाचा हँडीकॅम, पहाऱ्याचे कॅमेरे, संकेतस्थळांवरील चित्रफिती आणि माहितीपटाचे तुकडे यांच्या जुळणीतून सांगितली. अमेरिकेत तो चित्रपट फारच थोड्या लोकांनी पाहिला.